गुण्य आणि गुण्या

बाई, गेल्या गुरुवारी मी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या उत्तराला हसले. तिचा पेपर हातात धरून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं वाचून हसले, आणि मी हसले म्हणून वर्ग हसला. आज रविवार आहे. जेवणं झाली, भांडी झाली, आणि मी डायरीची मागची कोरी पानं उघडून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं मला महिन्याभरानं कळलं होतं, आणि तेव्हाही मी बदलापूर गावात तुमच्या घरी गेले नाही. लहान मूल आहे, शाळा आहे, असं स्वतःला सांगितलं होतं. ते खरंच होतं. पण तेवढंच खरं होतं का, हे मी आजवर नीट तपासलेलं नाही.

आपली शेवटची भेट झाली तेव्हा मी नुकती डी.एड. करत होते. आता अंबरनाथच्या एका शाळेत सहावी आणि सातवीला गणित शिकवते. आता आमच्याकडे सेमी असतं. म्हणजे बाकीचे विषय मराठीत आणि गणित, विज्ञान इंग्रजीत. मुलं घरी मराठी बोलतात, रिक्षात हिंदी बोलतात आणि माझ्या तासाला ‘न्यूमरेटर’, ‘डिनॉमिनेटर’ म्हणतात. भिंतीवर मी शब्दांचा तक्ता लावला आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, दोन्ही इंग्रजीत, सुबक अक्षरात. मुलं तो रोज एका सुरात म्हणतात. मुख्याध्यापिकांना तक्ता फार आवडतो, पाहुणे आले की त्यांना माझ्याच वर्गात आणतात. तुम्ही आला असतात तर तक्त्याकडे बघून काय म्हणाला असतात, याचा विचार मी मुद्दाम करत नसे. तुमच्या पद्धतीतले दोन रकाने काढून टाकून मी तो केला आहे, हे मला ठाऊक होतं.

तुमची ती वही मला अजून जशीच्या तशी दिसते. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, आडवी धरून तीन रकाने आखलेली. घरचा शब्द, बाजारचा शब्द, पुस्तकाचा शब्द. पाचवीच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही आम्हा प्रत्येकाला तशी वही करायला लावलीत. उल्हासनगरची आमची शाळा, एका वर्गात साताऱ्याकडची, कोकणातली, इथल्याच गावांतली पोरं, आणि फाटकाबाहेर पडलं की सिंधी दुकानदारांची कापडाची ओळ. तुम्ही विचारायचात, ‘रुंदीला तुमच्या घरी काय म्हणतात?’ कुणी म्हणायचं रुंदी, कुणी आडवी बाजू. मग म्हणायचात, ‘आणि कापडवाला काय म्हणतो?’ सगळे ओरडायचे, ‘पन्ना!’ ते बाजारच्या रकान्यात जायचं. पुस्तकाचा शब्द नेहमी शेवटी. आधी तो शब्द ज्या वस्तूचा आहे ती वस्तू हातात यायची, मग आधीच्या दोन शब्दांशी त्याची ओळख व्हायची, आणि मगच तो आमच्या वहीत यायचा, नवीन पाहुण्यासारखा जरा अवघडून. एकदा तुम्ही फळ्यावर कोन काढून एका गावातल्या मुलाला विचारलंत, ‘सांग, हा कोन कोणता?’ त्याच्या बोलीत ‘कोन’ आणि ‘कोण’, दोन्हींचा उच्चार एकच. तो उभा राहून गोंधळून म्हणाला, ‘बाई, मीच हाय.’ वर्ग हसला, तुम्हीही हसलात, पण तुम्ही त्याच्याबरोबर हसलात, कारण तोही हसत होता. हा फरक मला गुरुवारपर्यंत माहीत आहे असं वाटत होतं.

आता गुण्याची गोष्ट. तुम्ही ती विसरला असाल, तुमच्यासाठी तो एक शनिवार होता. सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, ‘गुण्य म्हणजे काय?’ ज्या संख्येला गुणायचं ती संख्या, एवढंच उत्तर. मी लिहिलं, ‘भिंत बरोबर आहे का ते बघायचे लोखंडी हत्यार. माझे बाबा गवंडी आहेत, त्यांच्याकडे आहे.’ तुम्ही लाल पेनानं त्यावर फुली मारलीत. पेपर मिळाला तेव्हा मी रडले नाही, पण वर्ग सुटल्यावर तुमच्या टेबलाशी येऊन उभी राहिले आणि म्हणाले, ‘बाई, पण आमच्याकडे खरंच आहे.’ एवढंच वाक्य. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पेपर परत हातात घेतलात आणि माझं उत्तर पुन्हा वाचलंत. मग विचारलंत, ‘बाबा कुठं असतात कामाला?’

‘बदलापूरला. गावाकडे जायच्या रस्त्याला बिल्डिंग चाललीय.’

‘म्हणजे माझ्या वाटेवरच की.’

शनिवारी शाळा सकाळची. तुम्ही आईला निरोप धाडलात आणि मला बरोबर घेतलंत. बाबा पायाच्या वर आलेल्या भिंतीशी उभे होते, हात कोपरापर्यंत सिमेंटनं भरलेले. तुम्हाला बघून त्यांनी घाईघाईनं हात पँटला पुसले, आणि पहिलं वाक्य काय, तर ‘काय केलं पोरीनं?’

‘पोरीनं नाही, मी केलंय,’ तुम्ही म्हणालात. ‘तुमचा गुण्या बघायचाय मला.’

बाबांच्या जोडीचा एक मिस्त्री वरच्या परांचीवरून ओरडला, ‘ओ बाई, शाळा सोडून बिगारी लागताय का काय?’ आणि तुम्ही मान वर करून म्हणालात, ‘तुम्ही शिकवाल तर लागते.’ बाबांनी तो लोखंडी काटकोन आणून भिंतीच्या कोपऱ्यात बसवला. ‘ह्यो गुन्या. असा लावायचा. आता वाकून बघा, मधनं उजेड दिसतोय का? दिसला म्हंजे भिंत गेली. न्हाय दिसला म्हंजे गुन्यात हाय.’ साडीचा पदर खोचून तुम्ही वाळूत वाकलात, एक डोळा मिटून बघितलंत. मग मला बोलावलंत, ‘तू बघ.’ मीही बघितलं. तुम्ही बाबांना म्हणालात, ‘याला आम्ही काटकोन म्हणतो.’ बाबा म्हणाले, ‘ते म्हाईत न्हाय मला. गुन्यात हाय का न्हाय, येवढंच.’ आणि मग, तुम्ही एवढं ऐकून घेताय म्हटल्यावर त्यांना हुरूप आला आणि त्यांनी दोरीनं मोठ्या खोलीचा कोपरा कसा धरायचा तेही दाखवलं. एका अंगाला तीन फूट, दुसऱ्या अंगाला चार, आणि तिरपी दोरी बरोबर पाच भरली पाहिजे. तुमचा चेहरा मला तेव्हा कळला नाही, आज कळतो. दोन वर्षांनी, सातवीत, तुम्ही आम्हाला मैदानावर नेऊन तीच दोरी धरायला लावलीत आणि तिरप्या दोरीवर बोट ठेवून म्हणालात, ‘हिला पुस्तकात कर्ण म्हणतात.’ आणि हे कुणाकडून शिकलात तेही सांगितलंत, माझ्या बाबांचं पूर्ण नाव घेऊन, पुढे श्री. लावून. आमच्या घरी आलेल्या पत्रावरसुद्धा कुणी श्री. लिहीत नसे.

पण मला सांगायचा आहे तो सोमवार. तुम्ही वर्गात आलात, हजेरी घेतली नाहीत, माझा पेपर वर धरलात. म्हणालात, ‘प्रश्न गुण्यचा होता. हिनं गुण्याबद्दल लिहिलं. तेव्हा या उत्तराला मार्क मिळणार नाही.’ माझी मान खाली गेली. ‘पण मी इथं फुली मारली. फुलीचा अर्थ काय? हे खोटं आहे. आणि हे खोटं नाही, मी जाऊन बघून आले.’ मग तुम्ही पेनानं त्या फुलीशेजारी काटकोनाची लहानशी खूण काढलीत, दोन रेघा आणि कोपऱ्यात चौकोन. आणि मग तुम्ही एक वाक्य बोललात. वर्गात तुम्ही कायम पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलायचात. तुमची गावची बोली आम्ही तोवर कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी माझ्याकडे बघून तुम्ही म्हणालात, ‘माजा चुकला गो.’

गावातली पोरं एकदम सरळ बसली. आपल्या आईची भाषा बाईंच्या तोंडी. कुणीही हसलं नाही.

एरवी तुम्ही ती बोली वर्गात का आणत नव्हतात, त्याचं कारण मला बऱ्याच वर्षांनी तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. डी.एड.च्या सुट्टीत मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही तांदळाच्या भाकऱ्या थापत होतात आणि मी पाटावर बसून, मोठ्या तोऱ्यात, अपूर्णांकाच्या धड्याचं टाचण वाचून दाखवत होते. छेद म्हणजे काय, अंश म्हणजे काय, साधने खडू, फळा, रंगीत कागद. तुम्ही तव्यावरची भाकरी ताटात घेतलीत, मोडून पुढे केलीत आणि विचारलंत, ‘हे काय?’ मी म्हणाले, ‘अर्धी.’ ती परत मोडलीत. ‘चतकोर.’ अजून एकदा. मी अडले. तुम्ही म्हणालात, ‘नितकोर. विसरलीस ना? एक छेद आठ पाठ झालं आणि नितकोर गेली. दोन्ही ठेव, जागा आहे डोक्यात.’ आणि मग चुलीकडे तोंड करून सांगितलंत की तुम्ही लहान असताना कल्याणच्या शाळेत पहिल्या दिवशी उभं राहून म्हणाला होतात, ‘मना नाय समजला’, आणि गुरुजींनी तुमचं गणित न बघता ते वाक्य तीन वेळा सुधारून म्हणून घेतलं होतं, ‘मला समजले नाही, मला समजले नाही, मला समजले नाही.’ ‘वाक्य सुधारला,’ तुम्ही म्हणालात, ‘पन समजला नायच.’ मी हसले. तुम्ही हसला नाहीत. निघताना तुम्ही तुमची ती निळी वही माझ्या हातात ठेवलीत. ‘माझं आता काम नाही तिच्यापाशी.’ ती माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

आता गुरुवार. सहावीच्या पेपरात विचारलं होतं, प्राइम नंबर म्हणजे काय? तक्त्यावर उत्तर आहे, फक्त दोनच अवयव असलेली संख्या, एक आणि ती स्वतः. मुलं ते झोपेतही इंग्रजीत म्हणतील. या मुलीनं मराठीत लिहिलं, ‘प्राइम नंबर म्हणजे स्टेशनच्या जवळचा नंबर.’ ती बदलापूरला राहते, आणि बदलापूरला आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या बिल्डिंगांचे फलक आहेत, प्राइम लोकेशन, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. मला ते एका क्षणात कळलं, आणि कळलं म्हणूनच हसू आलं. मी वाचलं. वर्गातून एक आवाज आला, ‘टीचर, मग हंड्रेड म्हणजे वांगणी का?’ वांगणी म्हणजे बदलापूरच्याही पुढचं स्टेशन. आणि मग सगळाच गोंधळ. मी खडूनं टेबल वाजवून वर्ग शांत केला, पण माझ्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं. पेपरवर फुली होतीच. मधल्या सुट्टीत जिन्यात ऐकलं, ‘ए स्टेशन, बाजू हट ना.’ मी वळून बघितलं नाही.

शुक्रवारी ती बोलली नाही. वहीत तारीख आणि खाली कोरं पान. वर्ग सुटताना मी व्हरांड्यात तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘सॉरी हं बेटा, डोन्ट माइंड.’ ती म्हणाली, ‘इट्स ओके टीचर.’ आणि गेली. मला हलकं वाटलं. किती लवकर हलकं वाटलं, याचंच आता आश्चर्य वाटतं.

काल शनिवारी तिची आई आली. आनंदनगरला एका कंपनीत पॅकिंगला जाते, अर्धी सुट्टी टाकून आली होती, हातात अर्ज. ‘मॅडम, हिला साध्या वर्गात टाका. मराठीतून करू दे गणित. बोलते, मला नाय जमणार, माझं डोकंच नाय त्यात.’ मुलगी शेजारी उभी, नजर बुटांवर. बाई, तुम्ही म्हणाल, मराठीतून गणित करायला काय हरकत आहे? काहीच नाही. मी तसंच शिकले. पण ती तिकडे मराठीसाठी जाणार नाही, आपल्याला डोकं नाही असं समजून जाणार. आणि ते समजून गेलेलं मूल कुठल्याही भाषेत परत येत नाही, एवढं या नोकरीत मी पाहिलं आहे.

तेव्हा कुठे मी तुम्ही पहिल्या दिवशी केलं असतं ते केलं. विचारलं, ‘स्टेशनजवळचा असं का लिहिलंस?’

तिची नजर बुटांवरच. आई म्हणाली, ‘बोल ना, आता तोंड गेलं काय?’

मग तिनं दप्तरातून शंभरपर्यंतच्या आकड्यांचा कागद काढला. आम्ही वर्गात प्राइम नंबरांना गोल केले होते तोच. ‘टीचर, झिरो म्हणजे स्टेशन,’ ती कागदाकडे बघतच म्हणाली. ‘पहिल्या लाइनीत चार आहेत. दुसरीत पण चार. मग कमी कमी होतात. लास्ट लाइनीत एकच, नाइन्टी सेव्हन. म्हणजे स्टेशनजवळ गर्दी आणि लांब गेलं की तुरळक. आमच्याकडे पण तसंच आहे. लास्टला आमचीच बिल्डिंग.’

मी तो कागद बघत राहिले. मी इतकी वर्षं तो भरून घेते आहे. मी म्हणाले, ‘पण सत्तरच्या पुढे बघ. तिथे परत तीन आहेत.’

ती म्हणाली, ‘हां. तिकडे नवीन स्टेशन होणार असेल.’

‘गप गं! मॅडमशी मस्करी करते,’ आईनं तिला कोपरानं ढोसलं. पण मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं. बाई, ती व्याख्या नाही, तिला मार्क मिळणार नाही. पण प्राइम संख्या पुढे जाताना विरळ होत जातात हे कुणीही न सांगता तिनं बघितलं होतं, आणि त्याला तिच्याजवळ एकच शब्द होता, स्टेशन, घरात रोज ऐकलेला. तो तिचा घरचा रकाना होता. माझ्या तक्त्यावर त्याला जागा नव्हती.

मी आईला सांगितलं, ‘हिनं फार चांगला विचार केलाय.’

आई म्हणाली, ‘मग हसले का सगळे?’

आणि मी म्हणाले, ‘मुलं हसतात हो.’

मुलीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. आधी कोण हसलं हे तिला माहीत होतं, आणि ते मलाही माहीत आहे का, एवढंच बघितलं. मग परत बुटांकडे. मी अर्ज ठेवून घेतला. सोमवारी सही करून देते म्हणाले. तो इथेच आहे, या डायरीत, दोन पानांआड.

उद्या पहिला तास सहावीचा आहे. सकाळी निळी वही काढून पर्समध्ये घालणार आहे. तक्त्यावरच्या प्राइम शब्दाच्या बाजूला दोन रकाने वाढवीन, एकात तिचा शब्द येईल, आणि तो कसा आला ते तिला फळ्याशी येऊन सांगायला सांगेन, यायचं असलं तर. आपला तो मराठी शब्दही लिहीन, मूळ संख्या. बदलापूर गाव जसं मूळचं, बाकीचं सगळं नंतर त्याच्यावर उभं राहिलेलं, तशा या संख्या, हे मुलांना कळेल. एवढं सगळं मी करू शकते. टाचणही लिहून झालं आहे. पण त्याच्या आधी एक वाक्य म्हणायचं आहे, हजेरीच्याही आधी, आणि ते मला जमेल की नाही, याची खात्री नाही. शुक्रवारी ‘सॉरी’ म्हणाले ते व्हरांड्यात, आजूबाजूला कुणी नसताना, आणि इंग्रजीत, कारण इंग्रजीत ते इतकं हलकं असतं की म्हणणाऱ्याला लागत नाही. तुमच्यासारखी दोन रेघांची खूण मी काढू शकेन. तुमच्यासारखं वाकून बघणं मला दोन दिवस उशिरा का होईना, जमलं. पण तुम्ही त्या सोमवारी जो शब्द तुमच्या पहिल्या रकान्यातून काढलात, तो आमच्या घरी बाबा वापरायचे तसा माझ्या तोंडून वर्गात कधीही निघालेला नाही. आतापर्यंत एकदाही नाही, बाई. मघाशी ओट्याशी उभी राहून म्हणून बघितला, तर ‘चुकलं माझं’ असा, स्वच्छ, पुस्तकातला आला.

हे पत्र कुठेच जायचं नाही, डायरीतच राहील. तेव्हा इथे, तुमच्यापुढे, एकदा नीट म्हणून बघते. आधी कोण हसलं, तर मी हसले. चुकलं माजं.